दृश्यसामग्रीची मांडणी : दिंडोरीच्या द्राक्षबागांच्या निमित्ताने

संगणकाच्या पडद्यावर एखादा प्रदेश उभा करावयाचा म्हटले म्हणजे आकार, रंग आणि प्रकाश ह्यांचाच विचार प्रथम मनात येतो. परंतु आज्ञावली लिहावयास बसणाऱ्याला त्यापूर्वीच एका निराळ्या प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. त्या प्रदेशातील सहस्रावधी वस्तूंच्या नोंदी संगणकाच्या स्मृतीत कोणत्या क्रमाने ठेवावयाच्या, कोणती नोंद कोणत्या नोंदीच्या पोटात घालावयाची, हा तो प्रश्न होय. वरवर पाहता हे काम कारकुनी स्वरूपाचे वाटते. तथापि चित्रणाचा वेग, त्यातून विचारता येणारे प्रश्न आणि पुढे त्यात करता येणारे फेरफार ही तिन्ही बहुतांशी ह्याच निर्णयावर अवलंबून असतात. शिवाय आकार किंवा रंग मागाहून बदलता येतात तशी ही मांडणी सहजासहजी बदलता येत नाही, कारण आज्ञावलीचा प्रत्येक भाग ती गृहीत धरूनच लिहिला गेलेला असतो.

विवेचनासाठी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुका डोळ्यांसमोर ठेवावा. कादवा नदी, तिच्यावरील करंजवण व पालखेड ही धरणे, कोळवण नदीवरील वाघाडचे धरण, त्यांतून निघालेले कालवे, दक्षिणेकडील रामशेजचा डोंगर आणि दूरवर पसरलेल्या द्राक्षबागा असा हा प्रदेश आहे. त्याचे एक चित्रण तयार करावयाचे असून ते दोन प्रकारच्या लोकांच्या उपयोगी पडावयाचे आहे, अशी कल्पना करावी. एकाला रामशेजच्या माथ्यावर उभे राहिल्याप्रमाणे सारा मुलूख न्याहाळावयाचा आहे. दुसरा पक्ष म्हणजे एखादी पाणीवापर संस्था. तिला चालू आवर्तनाचे पाणी कोणत्या चारीपर्यंत पोहोचले आणि कोणाच्या बागेला ते अद्याप मिळावयाचे आहे, हे त्याच चित्रात पाहावयाचे आहे.

वस्तूंची संख्या किती होते हे प्रथम पाहणे इष्ट. द्राक्षवेली नऊ फूट बाय पाच फूट अंतरावर लावल्या असता एका वेलीच्या वाट्याला ४५ चौरस फूट येतात, आणि ४३,५६० चौरस फुटांच्या एका एकरात ९६८ वेली बसतात. शंभर एकरांत ही संख्या ९६,८०० होते. खोड, ओलांडे, काड्या व पाने मिळून एका वेलीचा आकार अवघ्या ५०० त्रिकोणांत बसवला तरी एकूण त्रिकोण ४ कोटी ८४ लाख होतात. आणि शंभर एकर म्हणजे तालुक्याच्या बागायतीचा एक लहानसा कोपरा. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावयाचे असेल, तर प्रत्येक चित्रासाठी १६.७ मिलिसेकंदांहून अधिक वेळ मिळत नाही. तेव्हा वेलींची नोंद कोठे ठेवावी ह्या प्रश्नाचे उत्तर ‘कोठेही’ असे देऊन भागणार नाही.

ह्या गर्दीला शिस्त लावण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे वृक्षरचना. आयव्हन सदरलँड ह्यांनी १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला सादर केलेल्या प्रबंधात स्केचपॅड नावाच्या आज्ञावलीचे वर्णन आहे. तीत एक मूळ आकृती एकदाच रेखाटून तिच्या कितीही प्रतिकृती चित्रात ठेवता येत आणि मूळ आकृतीत केलेला फेरफार सर्व प्रतिकृतींत आपोआप उतरे. वेलीची आकृती एकदाच साठवून ९६,८०० ठिकाणी तिचा केवळ निर्देश करावयाचा, ही आजची सर्वमान्य युक्ती मुळात साठाहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. पुढे ह्या कल्पनेचा विस्तार होऊन सीन ग्राफ ह्या नावाने ओळखली जाणारी रचना सिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक नोडचे स्थान त्याच्या जनक नोडच्या संदर्भात सांगितलेले असते. बागेत औषध फवारणाऱ्या ट्रॅक्टरचे उदाहरण घ्यावे. ट्रॅक्टरच्या नोडखाली चाके व मागे जोडलेला ब्लोअर, ब्लोअरच्या नोडखाली त्याचा फिरता पंखा. ट्रॅक्टर एक हात पुढे सरकवला की पंख्यासकट सर्व काही सरकते. पंख्याला केवळ स्वतःच्या फिरण्याची चिंता. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारल्या गेलेल्या जीकेएस पद्धतीत चित्राचे तुकडे करता येत, पण एक तुकडा दुसऱ्याच्या पोटात घालता येत नसे. १९८९ च्या फिग्ज ह्या मानकाने ती सोय दिली. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या १९९२ मधील इन्व्हेंटर ह्या संचाने तर रंग, प्रकाश, कॅमेरा अशा सर्वच गोष्टी नोड म्हणून वृक्षात गोवल्या, आणि तेव्हापासून दृश्य म्हणजे वृक्ष हे समीकरण अनेकांच्या मनात दृढ झाले.

वृक्षरचनेचा आणखी एक लाभ पाठ्यपुस्तकांत क्वचितच ठसवला जातो; तो दिंडोरीसारख्या प्रत्यक्ष भूभागाचे चित्रण करताना मात्र तत्काळ ध्यानात येतो. सर्वेक्षणात वापरल्या जाणाऱ्या मर्केटर प्रक्षेपाच्या ४३ व्या पट्ट्यात दिंडोरीचे उत्तरेकडील अंतर २२ लाख मीटरांहून अधिक भरते. ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये सामान्यतः वापरली जाणारी ३२ बिटांची दशांश संख्या २४ बिटांइतकीच अचूक असते. २०,९७,१५२ आणि ४१,९४,३०४ ह्यांच्या दरम्यान अशा दोन लगतच्या संख्यांतील अंतर पाव एकक असते. ह्याचा अर्थ असा की मांडवाचा प्रत्येक खांब पाव मीटरच्या पायरीवरच रोवता येईल. पाच फुटांवरच्या वेली मग कोठे जवळ, कोठे दूर दिसतील, आणि पाहणारा पुढे सरकू लागताच सारी बाग थरथरू लागेल. ह्यावर उपाय एकच. प्रत्येक बागेला तिचा स्वतःचा आरंभबिंदू द्यावयाचा, वेलींची अंतरे त्यापासून मोजावयाची, आणि बागेचे पाहणाऱ्यापासूनचे अंतर तेवढे ६४ बिटांच्या संख्यांत काढावयाचे. येथे जनक आणि अपत्य हे नाते केवळ सोयीचे राहत नाही, चित्राची शुद्धताच त्याच्यावर उभी असते.

इतके झाल्यावर वृक्ष करावयाचा हे ठरते. तो कोणता करावयाचा हे मात्र ठरत नाही, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते. महसुली व्यवस्थेत जमिनीची ओळख जिल्हा, तालुका, गाव आणि गट अशी उतरत येते. सातबाराचा उतारा, गटाचा नकाशा, खातेदाराचे नाव हे सर्व ह्या उतरंडीशी जोडलेले असल्यामुळे आज्ञावली लिहिणारा बहुधा तीच उतरंड उचलतो. सामग्री ज्या कचेरीतून मिळाली त्या कचेरीच्या कपाटाची मांडणी आज्ञावलीत उतरावी, हा प्रकार वाटतो त्याहून पुष्कळच अधिक घडतो. परंतु पाणी गावाच्या शिवेने वाहत नाही. ते धरणातून मुख्य कालव्यात, तेथून वितरिकेत, लघुवितरिकेत, विमोचकातून शेतचारीत आणि शेवटी वाफ्यात जाते. हाही एक वृक्षच आहे आणि त्याची पानेही तीच शेते आहेत. फांद्या मात्र सर्वस्वी निराळ्या आहेत.

ही गोष्ट वाघाडच्या लाभक्षेत्रात संगणकाचा काहीही संबंध नसताना प्रत्यक्ष अनुभवास आली आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने पाहणे योग्य ठरेल. वाघाडचे धरण दिंडोरी तालुक्यात आहे, तर कालव्याच्या शेवटाकडील ओझर हे गाव निफाड तालुक्यात. महसुली वृक्षात धरण आणि ओझरची शेते जिल्ह्याखालच्या दोन भिन्न फांद्यांवर येतात आणि त्यांचा संबंध थेट जिल्ह्याच्या नोडपर्यंत वर गेल्यावाचून जुळत नाही. पाण्याच्या वृक्षात ती एकाच फांदीची सुरुवात आणि शेवट आहेत. कालव्याच्या शेपटाला पाणी न पोहोचणे हे सिंचनातील जुने दुखणे. ओझर येथे बापू उपाध्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी समाज परिवर्तन केंद्रामार्फत त्यावर काम केले. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे वाघाडच्या सबंध लाभक्षेत्रात अशा २४ संस्था होऊन पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आले. महाराष्ट्राच्या २००५ च्या सिंचन व्यवस्थापनविषयक अधिनियमाने संस्थेचे क्षेत्र गावाच्या सीमेवरून न ठरवता पाण्याच्या वाटेवरून ठरवावे, हे तत्त्व मान्य केले. जमिनीची नोंद तलाठ्याच्या दप्तरातच राहिली, खातेदार बदलले नाहीत, गटांचे क्रमांकही तेच. एका विशिष्ट प्रश्नापुरती त्याच गटांची निराळी जुळणी मात्र केली गेली, आणि ती जुळणी नसती तर शेवटच्या चारीवरचा हिशेब कोणालाच नीट मांडता आला नसता.

चित्रणाच्या आज्ञावलीत हाच प्रसंग असा येतो. समजा, वृक्ष महसुली क्रमाने बांधला आहे आणि संस्थेने विचारले की अमुक लघुवितरिकेवर अद्याप पाणी न मिळालेले सर्व प्लॉट लाल रंगात दाखवा. तेव्हा आज्ञावलीला तालुक्यातील प्रत्येक गटापाशी जाऊन तू कोणत्या वितरिकेचा, असे विचारीत फिरावे लागते. उलट वृक्ष पाण्याच्या क्रमाने असेल तर एका फांदीखालचीच पाने पाहावी लागतात. विमोचकांवरची मागणी वर वर मिळवीत आणि वाटेतील गळती धरीत धरणापाशी किती पाणी सोडावे लागेल हे काढावयाचे असेल, तर तो हिशेब म्हणजे त्या वृक्षाची अपत्यांकडून जनकाकडे जाणारी एक फेरी होय. दुसऱ्या कोणत्याही मांडणीत तो इतक्या सरळपणे होत नाही.

दोन्ही वृक्ष एकत्र करावेत, म्हणजे एका गटाला दोन जनक द्यावेत, अशी सूचना येथे सुचणे स्वाभाविक आहे. तिच्यात एक खोच आहे. जनकाकडून अपत्याकडे स्थान आणि गुण वारशाने येतात. दोन जनक असले तर गटाचे स्थान कोणाच्या आरंभबिंदूपासून मोजावयाचे? फांद्यांवरून फिरताना तो गट दोनदा भेटेल आणि दोनदा रेखाटला जाईल, हे निराळेच. ह्या कारणामुळेच दृश्यांच्या देवाणघेवाणीसाठी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीएलटीएफच्या दुसऱ्या आवृत्तीत एका नोडला एकाहून अधिक जनक असू नयेत असा नियम घातलेला आहे. आकृती मात्र कितीही नोडांनी सामायिक वापरावी. शिवाय प्रत्यक्षात पाण्याचा वृक्षही शुद्ध वृक्ष राहत नाही. कालव्याच्या झिरप्याने भरणारी विहीर एका गटात, तिची पाइपलाइन दुसऱ्या गटातील बागेत, अशी उदाहरणे ह्या भागात पावलोपावली आढळतात. अशा नात्यांना जनकत्वाचा दर्जा न देता ती साध्या संबंधांच्या यादीत ठेवावीत, हेच बरे.

आतापर्यंतचे दोन्ही वृक्ष अर्थावर आधारलेले होते. रामशेजच्या माथ्यावर उभ्या असलेल्या पाहणाऱ्याला त्यांपैकी कोणाशीच कर्तव्य नाही. त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात काय आहे आणि पाठीमागे काय आहे, एवढाच भेद त्याच्या चित्रासाठी महत्त्वाचा. जेम्स क्लार्क ह्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ह्यासाठीची मूळ कल्पना मांडली. वस्तूंच्या समूहाभोवती एक साधी पेटी कल्पावी. ती सबंध पेटीच दृष्टिक्षेत्राबाहेर असेल तर आतील एकाही वस्तूचा विचार करू नये. आणि समूह दूर असेल तर त्याचे ठोकळ रूप वापरावे. सपाटीवरील बिंदूंची चार चार भागांत विभागणी करणारी क्वाडट्री फिंकेल आणि बेंटली ह्यांनी १९७४ मध्ये मांडली होती. पेट्यांच्या उतरंडीचा प्रकाशकिरणांच्या गणितासाठी उपयोग रुबिन आणि व्हिटेड ह्यांनी १९८० मध्ये केला. त्याच वर्षी पुढे आलेली, प्रतलांनी अवकाश दुभागत जाणारी रचना भिंतींनी वेढलेल्या दृश्यांना फार मानवते. १९९३ च्या डूम ह्या खेळामुळे ती प्रसिद्धीस आली. दिंडोरीच्या मोकळ्या मुलखात तिचे विशेष प्रयोजन नाही.

अर्थाची उतरंड आणि अवकाशाची उतरंड ह्यांतील विसंगती पाहावयाची असेल तर कालव्याकडे पाहावे. गाव हा बऱ्यापैकी आटोपशीर आकार आहे; त्याच्याभोवतीची पेटी फारशी वाया जात नाही. कालवा मात्र समोच्च रेषा धरून, प्रत्येक ओघळीला वळसा घालीत मैलोन्मैल जातो. पालखेडचा डावा कालवा तर निफाड ओलांडून येवल्याच्या दिशेने जातो. अशा कालव्याला एक नोड मानून त्याच्याभोवती एक पेटी कल्पिली तर तीत निम्मा मुलूख येतो, आणि पाहणारा कोठेही उभा असला, कोणत्याही दिशेला पाहत असला, तरी ती पेटी त्याच्या दृष्टिक्षेत्राला छेदतेच. परिणामी कालव्याचे सर्व त्रिकोण प्रत्येक वेळी प्रोसेसरकडे जातात. पाण्याच्या हिशेबासाठी जो नोड अत्यंत अन्वर्थक, तोच चित्राच्या दृष्टीने निरुपयोगी. रेखाटण्यासाठी कालव्याचे तुकडे करणे भाग आहे, आणि ते तुकडे कोठे करावयाचे ह्याचा वितरिकांच्या मुखांशी काहीएक संबंध नाही.

बागांच्या बाबतीत ह्या उलट सुदैवाची परिस्थिती आहे. अवकाशाचा वृक्ष वेलीपर्यंत खाली नेण्याची आवश्यकता नाही. दोन एकरांच्या एका प्लॉटपाशी तो थांबवावा. शंभर एकरांत असे ५० प्लॉट झाले, तर ९६,८०० वेलींऐवजी ५० पेट्या तपासल्या की काम होते. येथे प्लॉट हा शब्द बागाईतदार वापरतात त्या अर्थाने घेतला आहे. एकाच गटात दोन प्लॉट असू शकतात आणि मजूर, बाजार व हवामान पाहून त्यांची गोडी छाटणी निरनिराळ्या तारखांना झालेली असते. त्यामुळे ऑक्टोबरअखेरीस एका प्लॉटमध्ये पालवी आलेली तर शेजारच्यात नुसत्या काड्या, असे दृश्य दिसते. छाटणीची तारीख प्लॉटच्या नोडवर ठेवली म्हणजे त्यातील सर्व वेलींचे रूप तिच्यावरून ठरते. ती गटावर ठेवल्यास चित्र खोटे होईल, आणि वेलीवर ठेवल्यास एकच माहिती जवळजवळ दोन हजार वेळा लिहावी लागेल.

तिसरा क्रम यंत्राचा. ग्राफिक्स प्रोसेसरला एकाच पोताची, एकाच रंगद्रव्याची कामे सलग दिली तर तो वेगाने चालतो. प्रत्येक वस्तूगणिक साहित्य बदलावयास लावले तर त्याचा वेळ तयारीतच जातो. म्हणून सर्व खांब एकदम, सर्व पाने एकदम, असा क्रम त्याला हवा असतो. पारदर्शक वस्तूंचा नियम आणखी वेगळा. अवकाळी पावसापासून रक्षण व्हावे म्हणून काही बागांवर प्लास्टिकचे आच्छादन घालतात. अर्थाने हे आच्छादन प्लॉटचे, जागेनेही प्लॉटचेच. पण रेखाटताना मात्र त्याला आपल्याच वेलींपासून दूर करून, दृश्यातील सर्व अपारदर्शक वस्तू संपल्यावर, धरणांच्या पाण्याच्या पृष्ठांबरोबर, दूरचे आधी व जवळचे नंतर अशा क्रमाने बसवावे लागते. हा क्रम पाहणारा हलला की बदलतो. तो कोणत्याही स्थायी वृक्षात कोरून ठेवणे शक्यच नाही. सिलिकॉन ग्राफिक्सने इन्व्हेंटरनंतर दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, परफॉर्मर नावाचा दुसरा संच पुढे आणला. त्यात दृश्याचा वृक्ष पाहून दिसणाऱ्या वस्तूंची स्वतंत्र यादी करणे आणि ती यादी रेखाटणे ही कामे अलग केलेली होती. एकाच कंपनीला एका वृक्षाने भागत नाही असे दिसून यावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

स्मृतीच्या गणिताने हाच मुद्दा अधिक ठळक होतो. आजचा प्रोसेसर मुख्य स्मृतीतून एकेक बाइट आणीत नाही. ६४ बाइटांची एक ओळ एकदम आणतो, आणि ती जवळच्या कॅशमध्ये नसली तर आणण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. प्रत्येक वेल स्वतंत्र नोड असून नोड स्मृतीत इतस्ततः विखुरलेले असतील, तर एका नोडपाशी एकच खेप पडली तरी ९६,८०० वेलींना ९.७ मिलिसेकंद होतात. स्थान, आकृती आणि साहित्य ह्यांच्या नोंदी तीन ठिकाणी असतील तर २९ मिलिसेकंद, म्हणजे एकही त्रिकोण रेखाटण्यापूर्वीच चित्राचा सगळा वेळ संपला. ह्याउलट वेलीचे स्थान १२ बाइट, वळण ४ बाइट आणि प्रमाण ४ बाइट अशी २० बाइटांची नोंद करून त्या सर्व एकापुढे एक सलग ठेवल्या तर एकूण १९,३६,००० बाइट होतात. सेकंदाला दहा अब्ज बाइट इतका माफक वेग धरला तरी त्या वाचण्यास एक-पंचमांश मिलिसेकंद पुरतो. तेच वेल, तीच संख्या. फरक केवळ मांडणीचा.

ह्याच्याही पुढे एक पाऊल टाकता येते. बाग ही दोरी धरून लावलेली असते. प्लॉटची सीमा, ओळींची दिशा, नऊ आणि पाच फुटांची अंतरे एवढे ठाऊक असले की प्रत्येक वेलीचे स्थान केव्हाही काढता येते. ते साठवावयाचे कशाला? वेलींच्या किरकोळ वळणांतील वैविध्यही एका आरंभ संख्येवरून प्रत्येक वेळी तेच निर्माण करता येते. साठवावयाच्या असतात त्या नांग्या. जेथे वेल मेली आणि नवीन लावली गेली नाही तेवढ्या जागांची एक छोटी यादी प्लॉटजवळ असली म्हणजे पुरे. जंगलातील झाडांना हा उपाय लागू पडणार नाही, कारण त्यांना ओळ नाही. सामग्रीतील नियमितपणा ओळखणे हा मांडणीच्या निर्णयाचा सर्वांत फलदायी भाग असूनही चर्चेत तो सर्वांत मागे राहतो, आणि कोणती रचना श्रेष्ठ ह्यावर वाद घालण्यात कालापव्यय होतो.

तेव्हा निवड करावयाची ती वृक्ष की सलग यादी अशी नव्हे. प्रथम प्रश्नांची नोंद करावी आणि प्रत्येक प्रश्न किती वेळा विचारला जातो ते पाहावे. काय दिसते, हा प्रश्न सेकंदाला ६० वेळा येतो. पाणी कोठे पोहोचले, हा आवर्तनाच्या काळात दिवसातून काही वेळा. छाटणी केव्हा झाली, हा प्लॉटमागे वर्षातून दोनदा. खातेदार कोण, हा क्वचित. मूळ नोंद एकाच ठिकाणी, साध्या तक्त्यांत असावी आणि तीत वस्तूची ओळख क्रमांकाने व्हावी. स्मृतीतील पत्त्याने नव्हे, कारण पत्ता मांडणी बदलली की खोटा ठरतो. गटाचा क्रमांक गावापुरताच अनन्य असल्यामुळे गाव, गट आणि प्लॉट मिळून हा ओळखक्रमांक करावा लागेल. महसुली वृक्ष, पाण्याचा वृक्ष, अवकाशाचा वृक्ष आणि रेखाटनाची यादी ही चारही ह्या क्रमांकांवरून तयार केलेली दुय्यम रूपे. स्थानांच्या वारशासाठी लागणारी उतरंड मात्र उथळ ठेवावी. बागेचा आरंभबिंदू आणि त्याखाली वेली एवढ्या दोन पायऱ्या पुरतात. खोल उतरंड ट्रॅक्टर आणि त्याचा ब्लोअर ह्यांच्यासाठी राखून ठेवावी. अशा हलत्या वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असल्याने त्या अवकाशाच्या वृक्षात न घालता निराळ्या यादीत ठेवून प्रत्येक वेळी थेट तपासणेच स्वस्त पडते.

ह्या पद्धतीला किंमत द्यावी लागत नाही असे नाही. दुय्यम रूपे मूळ नोंदीशी जुळती राखण्याची जबाबदारी आज्ञावलीवर येते, आणि हे काम कंटाळवाणे असल्यामुळे त्यात दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. लहान दृश्यांना एवढा खटाटोप शोभतही नाही. एका वाड्याचे किंवा एका यंत्राचे चित्रण असेल तर जुना सीन ग्राफ पुरेसा आहे आणि त्यात काम करणे अधिक सुखाचे आहे. दिंडोरीच्या चित्रणात ही किंमत किती पडते हे एका नित्याच्या घटनेवरून अजमावता येईल. दोन भावांत वाटणी होऊन एका गटाचे दोन पोटहिस्से झाले, अशी कल्पना करावी. मूळ तक्त्यात एक ओळ रद्द होऊन दोन नव्या येतात. महसुली वृक्षात एका पानाची दोन पाने होतात. बांध घातला गेला तरी दोन्ही हिस्से त्याच विमोचकावर असतील तर पाण्याच्या वृक्षात फांदी तीच राहते, फक्त पाळी दोघांच्या नावे विभागली जाते. धाकट्याच्या हिश्श्याला चारी पोहोचत नसेल तर मात्र तेथे नवी चारी दाखवावी लागते, आणि ती कोणाच्या हिश्श्यातून जाते हे चित्रात स्पष्ट दिसले पाहिजे. अवकाशाच्या वृक्षात दोन पेट्या येतात, पण वरच्या कोणत्याही पेटीचे माप बदलत नाही. रेखाटनाच्या यादीला तर ह्या वाटणीची वार्ताही लागत नाही. वेली होत्या तेथेच आहेत, जोवर थोरल्याने आपल्या हिश्श्यात छाटणी आधी केली नाही तोवर.